टक्केवारी आहे, गोगलगाय नाही: लिव्हर फ्लूकवरचे पेपर वाचताना

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि गाइडनी सांगितलंय की आधी साहित्याचा आढावा घ्या. तुम्ही प्राणिशास्त्राचे आणि त्यातही मराठवाड्यातले असाल, तर चार-पाच पेपर वाचून होईपर्यंत एका शीर्षकाची सवय होऊन जाते: ‘अमुक जिल्ह्यातील शेळ्या-मेंढ्यांमधील लिव्हर फ्लूकचे प्रमाण’. जिल्हा बदलतो, वर्ष बदलतं, कधी शेळीच्या जागी म्हैस येते. बाकी सगळं तेच. आत एक तक्ता, ऋतूनिहाय तीन उभे खांब, आणि शेवटी ‘पशुपालकांमध्ये जागृती करणे गरजेचे आहे’.

आज या पेपरची चिकित्सा करू. कुणा एकाच्या पेपरची नाही, साच्याची. नावं घेणार नाही, कारण हा साचा एकेकट्याने बनवलेला नाही; एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मिळणारे सहा महिने, खात्यातला एकच सूक्ष्मदर्शक आणि छापून आलाच पाहिजे असा पेपर, या तिघांनी मिळून तो घडवलाय. (प्रबंध देण्याआधी पेपर छापलेला असण्याची सक्ती यूजीसीने 2022 च्या नियमांत काढून टाकली. सवय मात्र राहिली.) उदाहरणासाठी आपण माहूर तालुका धरू. म्हणजे समजा तुमच्या समोर पेपर आहे: ‘माहूर तालुक्यातील शेळ्या-मेंढ्यांमधील लिव्हर फ्लूकचे प्रमाण’. असा पेपर खरोखर आहे असं माझं म्हणणं नाही, पण तो कसा असेल हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

विषय किरकोळ नाही, हे आधी सांगते. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 14.9 कोटी शेळ्या आणि 7.4 कोटी मेंढ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात शेळ्याच एक कोटीच्या वर आहेत. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा आहे ती कोरडवाहू, त्याच्यासाठी उस्मानाबादी शेळी म्हणजे चालतं-फिरतं बचत खातं. मुलीच्या फीला, दवाखान्याला, बियाण्याला एक बोकड विकला जातो. लिव्हर फ्लूकने जनावर मरतं ते एक, पण त्याहून जास्त वेळा ते नुसतंच खंगतं. वजन धरत नाही, गाभ राहत नाही, बाजारात भाव येत नाही. हे नुकसान कुठेच नोंदलं जात नाही. म्हणून या विषयावरच्या पेपरने नीट काम केलं की नाही, याचा फरक कुणाच्या तरी घरात पडतो.

पहिलीच ओळ: नाव कोणतं लिहिलंय?

पेपर उघडलात की आधी कृमीचं नाव बघा. ‘फॅसिओला हिपॅटिका’ असं लिहिलं असेल तर थांबा. बी.एस्सी.च्या पुस्तकात आपण जे जीवनचक्र रंगीत पेन्सिलीने काढलं ते हिपॅटिकाचं. ते युरोपचं, थंड हवेचं. भारतात ते हिमालयाच्या पट्ट्यात आणि अशाच थंड डोंगराळ भागांत येतं. दख्खनच्या पठारावर, आपल्याकडे, आढळतो तो ‘फॅसिओला जायगँटिका’. कॉबोल्डने 1855 मध्ये याला नाव दिलं, तेही जिराफातून मिळालेल्या नमुन्यावरून. हिपॅटिका साधारण 20 ते 30 मिलिमीटर लांब, खांदे रुंद. जायगँटिका 25 पासून 75 मिलिमीटरपर्यंत जातो, अंगाने सडपातळ, खांदे फारसे उठून न दिसणारे, दोन्ही कडा जवळपास समांतर.

आता तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? सगळंच नावात आहे. हिपॅटिकाची गोगलगाय चिखलात राहणारी, ओलसर जमिनीवर रांगणारी. जायगँटिकाची गोगलगाय पाण्यात राहणारी: लिम्निया ऑरिक्युलेरिया, जिला आता रॅडिक्स या प्रजातीत धरतात. एकीचं घर म्हणजे ओलं कुरण, दुसरीचं घर म्हणजे साठलेलं किंवा संथ वाहणारं, वनस्पती असलेलं पाणी. नाव चुकलं की घर चुकतं, घर चुकलं की हंगाम चुकतो, आणि मग शिफारसही चुकते. पेपरात मोजमाप नाही, रंगवलेल्या नमुन्याचा फोटो नाही, डीएनएचा तपास नाही आणि तरीही हिपॅटिका ठामपणे लिहिलंय, तर लेखकाने जनावर बघितलं पण नाव पुस्तकातून घेतलं असं धरून चला. दोन्हींच्या मधल्या बांध्याचे नमुनेही जगात सापडतात, त्यामुळे एकट्या लांबीवर भागत नाही हेही लक्षात ठेवा.

नमुना आला कुठून?

साच्यातल्या पेपरात पद्धतीचा परिच्छेद चार ओळींचा असतो. ‘तालुक्यातील मटणाच्या दुकानांतून यकृते गोळा करण्यात आली.’ ही ओळ मी सगळ्यात जास्त वेळ वाचते, कारण पेपरची निम्मी किंमत तिथेच ठरते.

माहूरचा भूगोल डोळ्यांसमोर आणा. वर डोंगर, सागाचं जंगल, रेणुकादेवीचं मंदिर आणि गड. खाली वळसे घेत जाणारी पैनगंगा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. किनवटच्या बाजूने पुढे गेलात की तेलंगणातला आदिलाबाद. अशा ठिकाणी आठवडी बाजारात उभा असलेला बोकड माहूर तालुक्यातला असेलच असं नाही. व्यापारी नदी बघून जनावर घेत नाही. तो बोकड मागच्या आठवड्यात उमरखेडच्या बाजारात असू शकतो, आणि त्याआधी चार महिने कुठल्या नाल्यावर पाणी प्यायला ते त्यालाच माहीत. म्हणजे शीर्षकातला ‘माहूर तालुका’ हा खाटकाच्या दुकानाचा पत्ता आहे, रोगाचा नाही.

दुसरी गोष्ट, कोणतं जनावर कापलं जातं? मटणाला कोवळे बोकड जातात. सहा-आठ महिन्यांच्या बोकडाला फ्लूक लागायला आणि वाढायला वेळच किती मिळालाय! याउलट म्हातारी, सुकलेली मेंढी येते ती कळपातून काढून टाकलेली. ती सुकली कशाने, हाच तर आपला प्रश्न. म्हणजे एका टोकाला प्रमाण कमी दिसणार, दुसऱ्या टोकाला जास्त. दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतील अशी आशा काही पेपर ठेवतात. तसं होण्याचं कारण मला तरी कुठे दिसत नाही.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी. ज्या मेंढ्या तीव्र आजाराने मेल्या, त्या दुकानात येतच नाहीत. मेंढीने एका वेळी भरपूर मेटासर्केरिया गिळले की कोवळे कृमी आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत येतात, तिथून यकृतात शिरतात आणि कित्येक आठवडे ते कुरतडत फिरतात. मेंढी या काळात रक्तस्रावाने एकाएकी मरू शकते. सकाळी चरायला गेलेली, संध्याकाळी आडवी. मेंढपाळ म्हणतो आंत्रविषार झाला, कुणी म्हणतो पान लागलं. ती मेंढी पुरली जाते, तिचं यकृत कुणी उघडत नाही. रोगाने ज्यांना सगळ्यात जास्त मारलं, तेच तक्त्यातून गायब!

एक बारीकसारीक गोष्टही विचारा: यकृत किती कापलं? काळजाला चांगला भाव असतो. खाटीक तुम्हाला अख्खं काळीज चिरू देणार नाही. मग विद्यार्थी काय करतो, तर पित्ताशय आणि मोठ्या पित्तनलिका उघडून बघतो. त्यात मोठे कृमी सापडतात. मांसात फिरणारे कोवळे तसेच राहतात. किंवा खाटीक मोठ्या मनाने म्हणतो, ‘हे घेऊन जा ताई, हे विकत नाही’, आणि नेमकं खराब झालेलंच काळीज हातात ठेवतो. फुकट मिळालेल्या यकृतांवर काढलेली टक्केवारी काय सांगणार? पद्धतीच्या परिच्छेदात ‘विकत घेतली’ आणि ‘गोळा केली’ यांत फरक आहे. तो शोधा.

तरी न्यायाने बोलायचं तर कत्तलखान्याचा अभ्यास टाकाऊ नाही. कृमी प्रत्यक्ष हातात येतो, मोजता येतो, जात ओळखता येते. रोग या भागात आहे की नाही एवढंच विचारायचं असेल तर याच्याइतका स्वस्त पुरावा नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा ‘आहे’ एवढ्या पुराव्यावर ‘किती’, ‘केव्हा’ आणि ‘काय करावं’ ही तीन मजली माडी चढवली जाते.

लेंड्या तपासल्या असतील तर

काही पेपर जिवंत जनावराच्या लेंड्या तपासतात. चांगलं आहे, कळप कुणाचा ते तरी कळतं. पण इथे दोन खड्डे आहेत.

पहिला: अंडी तरंगवून बघितली की बुडवून? मिठाच्या संपृक्त द्रावणात गोलकृमींची अंडी वर येतात, फ्लूकची येत नाहीत. ती जड असतात आणि बऱ्याचदा त्या द्रावणात आक्रसून ओळखू न येण्यासारखी होतात. फ्लूकसाठी पाण्यात गाळ बसवून बघावं लागतं. तरंगवण्याची पद्धत वापरून ‘फ्लूक आढळले नाहीत’ लिहिणारा पेपर म्हणजे चाळणीने पाणी भरून ‘विहीर कोरडी’ म्हणण्यासारखं आहे.

दुसरा खड्डा अंड्यांच्या रंगाचा. आपल्या जनावरांत अँफिस्टोम, म्हणजे पोटातले जाडे फ्लूक, सर्रास असतात. त्यांची अंडीही मोठी आणि झाकणवाली. फॅसिओलाचं अंडं पिवळसर तपकिरी, अँफिस्टोमचं फिकट, जवळजवळ रंगहीन. थोडं मेथिलीन ब्लू टाकलं की निळ्या पार्श्वभूमीवर पिवळं अंडं उठून दिसतं. पेपरात हा शब्दही नसेल तर किती अंडी कुणाची, हे देव जाणे.

हे नुसतं तोंडी वाटू नये म्हणून एक आकडेमोड करू, आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. 200 मेंढ्या, त्यांतल्या 60 ना खरंच फ्लूक आहे, म्हणजे 30 टक्के. एकदाच लेंड्या बघितल्यावर बाधितांपैकी निम्म्याच सापडतात असं धरा: 30. उरलेल्या 140 निरोगी मेंढ्यांपैकी दहांतल्या एकीत अँफिस्टोमचं अंडं फॅसिओला म्हणून मोजलं: 14. एकूण 44, म्हणजे 22 टक्के. तक्त्यात 22 छान दिसतं, आजूबाजूच्या पेपरांशी जुळतंही. पण त्या 44 पैकी जवळपास एक तृतीयांश मेंढ्यांना फ्लूक नाहीच, आणि ज्यांना आहे त्यांतल्या निम्म्या सुटल्या. तीव्र आजाराच्या मेंढीच्या लेंड्यांत तर अंडं असूच शकत नाही, कारण कृमी अजून वयात आलेला नसतो.

जबड्याखालच्या सुजेवरून निदान करणारे पेपरही दिसतात. सूज, फिकट पापण्या, अशक्तपणा: हे सगळं हिमोंकस नावाचा रक्तपिता गोलकृमीही करतो, आणि तो आपल्याकडे भरपूर आहे. सुजेवरून कृमी ओळखणं म्हणजे खोकल्यावरून आजार ओळखणं.

ऋतूंचा तक्ता

आता त्या तीन खांबांकडे येऊ. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. सगळ्यात उंच खांब ज्या ऋतूचा, ‘त्या ऋतूत संसर्ग सर्वाधिक होतो’ असा निष्कर्ष. पुढे त्याच महिन्याच्या पावसाशी आणि आर्द्रतेशी सहसंबंध काढलेला.

थोडं कालगणित करा. जायगँटिका गिळल्यापासून त्याची अंडी लेंड्यांत दिसेपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात. म्हणजे फाल्गुनात दिसलेलं अंडं हे कार्तिक-मार्गशीर्षात किंवा त्याही आधी गिळलेल्या मेटासर्केरियाचं. त्या मेटासर्केरियाआधी गोगलगायीच्या आत काही आठवडे, त्याआधी अंडं पाण्यात उबायला दोन-तीन आठवडे. साखळी मागे नेत गेलात तर ती ऐन पावसाळ्यात पोचते. मार्चमधल्या अंड्यांचा मार्चमधल्या आर्द्रतेशी सहसंबंध लावणं म्हणजे बाळाच्या जन्माच्या दिवशीच्या हवामानावरून लग्नाचा मुहूर्त काढणं.

आणि एवढ्यानेही भागत नाही. पित्तनलिकेत बसलेला कृमी महिना-दोन महिन्यांचा पाहुणा नाही, तो मेंढीत वर्षानुवर्षं टिकू शकतो. तेव्हा आज सापडलेला कृमी यंदाचा की गेल्या सालचा? प्रमाण म्हणजे साठा, आणि संसर्ग म्हणजे आवक. इसापूर धरणात आज किती टक्के पाणी आहे हे वाचून पाऊस कोणत्या महिन्यात पडला ते तुम्ही सांगू शकाल का? नाही. आवक मोजायला वेगळं यंत्र लागतं. जगात यासाठी जुनी, साधी पद्धत आहे: कृमी नसलेली कोकरं महिनाभर त्या कुरणावर चारायची, मग उचलून बंदिस्त ठेवायची, कृमी वाढायला वेळ द्यायचा, आणि मग यकृतातले कृमी मोजायचे. दर महिन्याला नवी कोकरं. खर्चिक आहे, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, पण उत्तर मिळतं ते ‘या महिन्यात या काठावर इतके’ असं. एवढं जमत नसेल तर निदान वर्षाच्या आतल्या कोकरांचे आकडे वेगळे द्यावेत. त्यांच्यात जुना साठा नसतो. साच्यातला पेपर हेही करत नाही. वयाचा रकाना असतो, पण ऋतूच्या रकान्याशी त्याची गाठ घातलेली नसते.

पावसाचं सूत्र वापरायचा मोह होतो, तो मी समजू शकते. ऑलेरेनशॉ आणि रोलंड्स यांनी 1959 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटासाठी पावसाचे दिवस, पाऊस आणि बाष्पीभवन यांवरून फ्लूकचा अंदाज बांधायचं सूत्र दिलं, आणि ते ब्रिटनमध्ये वापरलं गेलं. पण ते चिखलातल्या गोगलगायीचं सूत्र आहे: जमीन जितके दिवस ओली, तितकी ती फोफावणार. आपली गोगलगाय पाण्यातली. आपल्याकडे मुसळधार पावसात नाला तिला वाहून नेऊ शकतो, आणि पाऊस संपल्यावर संथ झालेल्या पाण्यात ती पुन्हा वाढू शकते. मग धोक्याचा महिना पावसाचा की पाणी ओसरायचा? माझा संशय दुसऱ्यावर आहे. रानातलं गवत वाळतं, हिरवं उरतं ते पाझर तलावाच्या ओसरत्या काठावर, आणि माघ-फाल्गुनात मेंढ्या तिथेच उतरतात. मेटासर्केरिया चिकटलेले असतात तेही त्याच काठाच्या गवताला. हा संशयच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तपासता येईल असा संशय आहे, आणि तीन खांबांच्या तक्त्यातून तो तपासला जात नाही.

शेळी विरुद्ध मेंढी, आणि पी-व्हॅल्यू

इथे फार वेळ घालवत नाही. समजा पेपर म्हणतो: 60 मेंढ्यांपैकी 12, म्हणजे 20 टक्के, 60 शेळ्यांपैकी 8, म्हणजे 13.3 टक्के, ‘मेंढ्यांमध्ये प्रमाण अधिक’. 95 टक्के विश्वासमर्यादा काढा. मेंढ्यांची साधारण 12 ते 32, शेळ्यांची 7 ते 24. या दोन आकड्यांवर फरक आहे असं म्हणता येत नाही. शिवाय त्या 60 मेंढ्या तीनच कळपांतल्या असतील तर त्या 60 नव्हेतच. एकाच काठावर चरणाऱ्या मेंढ्या एकमेकींसारख्या असतात. कळपातलं हे साम्य 0.2 धरलं तर 20-20 च्या तीन कळपांची माहिती जेमतेम 12-13 सुट्या मेंढ्यांइतकी भरते. सूत्र अवघड नाही: एक अधिक, कळपातल्या संख्येतून एक वजा करून गुणिले साम्य, येणाऱ्या संख्येने 60 ला भागा.

समजा फरक खराच निघाला. तरी ‘शेळीची प्रतिकारशक्ती जास्त’ हे वाक्य पेपरात आलं की पेन्सिलीने खूण करा. शेळी डोंगराला जाते, बोरी-बाभळीचे शेंडे ओरबाडते. मेंढी मान खाली घालून जमिनीलगत गवत खाते. जो काठावर चरला त्याने गिळलं. प्रतिकारशक्तीचा दावा करायचा तर दोघींना मोजून तेवढेच मेटासर्केरिया द्यावे लागतात. असं काम झालेलं आहे: इंडोनेशियातली बारीक शेपटीची मेंढी जायगँटिकाला चांगलीच पुरून उरते, हिपॅटिकाला मात्र नाही, हे प्रयोगाने दाखवलं गेलं. आपल्या दख्खनी मेंढीबद्दल असा प्रश्न कुणी विचारावा, असं मला फार वाटतं. पुन्हा बघा, कृमीचं नाव बरोबर असण्याला किती अर्थ आहे ते.

प्रमाण, तीव्रता, विपुलता हे शब्द आलटूनपालटून वापरलेले दिसले, तर 1997 मध्ये जर्नल ऑफ पॅरासिटॉलॉजीत बुश आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्या काढून बसा. दोन तासांचं वाचन आहे, प्रबंधभर पुरतं.

गोगलगाय कुठे आहे?

अशा पेपरांत मला सगळ्यात जास्त खटकते ती ही अनुपस्थिती. प्रस्तावनेत गोगलगाय असते, जीवनचक्राच्या आकृतीत असते, चर्चेत ‘मध्यस्थ यजमानाची उपलब्धता’ म्हणून असते. मधे, जिथे काम केलंय तिथे, ती नसते. तळ्यावर कुणी गेलेलंच नाही.

याच्या शेजारी एक जुना पेपर ठेवा. 1879-80 च्या ओल्या वर्षांत इंग्लंडमध्ये सुमारे 30 लाख मेंढ्या या रोगाने गेल्याचं सांगतात. ऑक्सफर्डच्या थॉमस नावाच्या तरुणाला रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीने कारण शोधायला पैसे दिले. त्याने मेलेल्या मेंढ्यांची टक्केवारी काढली नाही. तो आजारी कुरणांवर जाऊन गोगलगायी गोळा करू लागला, एकेका जातीला मिरासिडियम देऊन बघू लागला. 1880 च्या अखेरीस लिम्निया ट्रंकॅट्युला या छोट्या गोगलगायीत त्याला संशयास्पद सर्केरिया मिळाले. आणि नंतर ती गोगलगायच मिळेना! पुढचं वर्ष तसंच गेलं. 1882 च्या जुलैत नदीला पूर आला, पुराने त्या गोगलगायी ढिगाने आणून टाकल्या, आणि प्रयोग पुढे सरकला. त्याच सुमारास लाइपझिगमध्ये लॉयकार्टही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. थॉमसचा सविस्तर पेपर 1883 चा. तो वाचा, इंग्रजी जुनी आहे पण अवघड नाही. प्रत्येक पायरीवर ‘हे मी पाहिलं’ आणि ‘हे मला वाटतं’ वेगवेगळं ठेवलेलं दिसेल. शेवटचा दुवा, जनावर गवताबरोबर मेटासर्केरिया गिळतं तो, प्रयोगाने दाखवायला लुट्झचं 1892 उजाडलं.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं नाही. आज जी आयव्हीआरआय म्हणून ओळखली जाते ती संस्था 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली, 1893 मध्ये मुक्तेश्वरला गेली, आणि भालेराव यांनी भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींवरचा मोठा ग्रंथ 1935 मध्ये लिहिला. आज उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नांदेडला विद्यापीठ आहे. प्राणिशास्त्रवाल्यांना गोगलगाय ओळखता येते आणि पशुवैद्यकवाल्यांकडे कळप असतात. दोघांचे पेपर मात्र वेगवेगळ्या कपाटांत पडून राहतात.

तळ्यावर न जाण्याचा परिणाम शिफारशीत दिसतो. ‘पावसाळ्यापूर्वी व नंतर जंतनाशक द्यावे.’ कोणतं? अल्बेंडाझोल असेल, तर ते फक्त मोठ्या झालेल्या फ्लूकवर चालतं, आणि गोलकृमीला पुरणारा डोस फ्लूकला पुरत नाही. ऑक्सिक्लोझानाइडही मुख्यतः मोठ्यांवरच. यकृतात फिरणाऱ्या अगदी कोवळ्या कृमींवर चालणारं म्हणून ट्रायक्लाबेंडाझोलचं नाव आहे, पण त्यालाही न जुमानणारे फ्लूक ऑस्ट्रेलियात 1995 मध्येच नोंदले गेले. तेव्हा चुकीच्या महिन्यात चुकीचं औषध पाजलं, तर मेंढपाळाचे पैसे गेले, दिवस गेला, आणि मेंढी गेलीच. औषध कोणतं आणि केव्हा हे काठावर धोका कधी येतो त्यावर ठरणार, आणि ते पेपरने शोधलेलं नाही. मग ‘जागृती’ कशाची करायची?

तुमच्या सिनॉप्सिससाठी

गाइड म्हणतील, आवाका मोठा होतोय. मग शीर्षकातून जिल्हा काढा. एका तालुक्यातल्या तीन पाणवठ्यांवर या: एक पाझर तलाव, एक नाला, एक नदीकाठचा डोह. तिथे नेहमी चरणारे कळप ठरवा आणि दर महिन्याला त्याच कळपांच्या लेंड्या, शक्यतो कोकरांच्या, गाळ बसवून तपासा. त्याच दिवशी ठरावीक वेळ जाळी फिरवून गोगलगायी गोळा करा. ओळखायला सुब्बा राव यांचं भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकायांवरचं 1989 चं झूलॉजिकल सर्व्हेचं पुस्तक हाताशी ठेवा. प्रत्येक गोगलगाय वेगळ्या कुपीत ठेवून सर्केरिया सोडते का बघा. एक धोका: एकाच गोगलगायीतून अँफिस्टोमपासून पक्ष्यांच्या फ्लूकपर्यंत अनेकांचे सर्केरिया निघतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नवख्याची फसगत ठरलेली. पीसीआरची सोय दुसऱ्या संस्थेत असेल तर पहिल्याच वर्षी बोलणी करून ठेवा, तिसऱ्या वर्षी नाही. बाधित गोगलगायी शंभरात एखादी, कधी तीही नाही, असं होईल. शून्य आलं तरी किती गोगलगायी उघडल्या ते लिहा. हजारातलं शून्य आणि वीसातलं शून्य एक नसतं.

जलयुक्त शिवारनंतर गावोगावी नाले खोल झाले, पाणी जास्त दिवस थांबायला लागलं. त्याने गोगलगायीला नवं घर मिळालं का, हा प्रश्न मराठवाड्यासाठी खुला आहे आणि पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्या कुणालाही तो आवडणार नाही. विचारायला हरकत नाही.

आणि जाळं घेऊन निघण्याआधी मेंढपाळाशी बोला. मेंढ्या काठावर कधी उतरतात, रानात खतासाठी कुठे बसवतात, कोणत्या तळ्याला ते स्वतःहून टाळतात आणि का. ‘त्या डोहावर मेंढरं लागत न्हाईत’ असं वाक्य मिळालं तर तो डोह यादीत पहिला घ्या. महिने तो मराठी सांगेल, पोळ्यापासून, दिवाळीपासून, शिमग्यापासून मोजून. तुमच्या तक्त्यात जानेवारी-फेब्रुवारी असेल, आणि अधिक मास आला की दोन्ही सरकतील. तेव्हा वहीत दोन्ही रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.